हेडलाइटला पीपीएफ (संरक्षक पारदर्शक फिल्म) लावावी का, कोणती, आणि पिवळ्या पडलेल्या हेडलाइटचं काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी चार महिन्यांची आहे, हेडलाइट एलईडी आणि बंपरमध्ये खाली बसवलेले आहेत, दर आठवड्याला आंबा घाटातून कोल्हापूर-रत्नागिरी फेरी असते. रस्त्याच्या कामामुळे खडी उडते आणि हेडलाइटवर आत्ताच दोन-तीन बारीक टवके दिसायला लागलेत. अ‍ॅक्सेसरीवाला स्मोक, म्हणजे काळपट फिल्म लावा म्हणतोय, तर मित्र म्हणतो की कसलीही फिल्म उष्णतेनं वितळते. शिवाय वडिलांच्या दहा वर्षं जुन्या गाडीचे हेडलाइट पिवळे झालेत, त्यांवर फिल्म लावून भागेल का?

नव्या गाडीला फिल्म लावा, पारदर्शक टीपीयूची (हे रबरासारखं ताणणारं प्लास्टिक), आणि शक्यतो या महिन्यातच. स्मोक लावू नका. वडिलांच्या गाडीवर आहे त्या अवस्थेत कोणतीच फिल्म लावू नका, तिचं काम वेगळं आहे. मी बरीच वर्षं पेंट प्रोटेक्शन फिल्मचं, म्हणजेच पीपीएफचं काम करतोय आणि माझ्या मते संपूर्ण गाडीला फिल्म लावण्याइतके पैसे नसतील तर सगळ्यात आधी हेडलाइटलाच लावावी. बॉनेटवरचा टवका टच-अपनं झाकता येतो. हेडलाइटवरचा येत नाही, आणि त्यातून रात्री तुम्हाला दिसतंही कमी.

आजच्या हेडलाइटला पुढे काच नसून पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं, इथून सुरुवात करू. अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी, सुरुवातीची मारुती ८०० यांना खरी काच होती. ती फुटायची, पण पिवळी कधी पडली नाही. अमेरिकेत तर १९८३ पर्यंत ठरावीक मापाचे काचेचे सीलबंद दिवेच बंधनकारक होते. त्या वर्षी नियम बदलला आणि १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हनपासून तिथेही गाडीच्या आकारात मिसळलेले प्लास्टिकचे हेडलाइट आले. पॉलिकार्बोनेट हलकं असतं, हव्या त्या वळणात ओतता येतं आणि दगड बसला तरी सहसा फुटत नाही. पण त्याचा पृष्ठभाग मऊ असतो. नखानं नाही, तरी वाळूच्या कणानं सहज ओरखडतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचे रेणू बदलतात आणि रंग पिवळसर होत जातो.

म्हणून कारखान्यातच त्यावर एक कडक, पारदर्शक थर चढवलेला असतो. हा हार्ड कोट जेमतेम काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. ओरखडे रोखणं आणि अतिनील किरण अडवणं ही दोन्ही कामं तोच करतो. हेडलाइटचं सगळं आयुष्य या थरावर अवलंबून आहे. खडीचा प्रत्येक टवका त्याला भोक पाडतो. ट्रकमागून येणारी वाळू त्याला घासून पातळ करते. चिकटलेले किडे आणि पक्ष्यांची विष्ठा त्याला खातात. मग त्यात केसासारख्या भेगा पडतात, त्यातून पाणी आणि ऊन खाली पोचतं आणि तिथून पुढे पिवळेपणा झपाट्यानं वाढतो. नेहमी एकाच दिशेला तोंड करून उघड्यावर उभी राहणारी गाडी नीट बघा. उन्हाच्या बाजूचा हेडलाइट दुसऱ्यापेक्षा आधी खराब झालेला दिसेल, आणि त्यातही वरचा, आकाशाकडे तोंड असलेला भाग सर्वांत आधी.

प्रकाश किती कमी होतो, याचा लोकांना अंदाज नसतो. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेनं २०१८ मध्ये चाचणी घेतली, तेव्हा पिवळ्या, धुरकट हेडलाइटमधून नव्याच्या तुलनेत जेमतेम २० टक्के प्रकाश पडत होता. उरलेला प्रकाश नुसता वाया जात नाही, तो इकडेतिकडे विखुरतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. घाटात हे किती धोक्याचं आहे ते तुम्हाला सांगायला नको.

फिल्म नेमकं काय करते? थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, म्हणजे टीपीयू, हे रबरासारखं ताणणारं आणि परत जागेवर येणारं पारदर्शक प्लास्टिक आहे. तीच फिल्म हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू आणि दगडांपासून वाचवण्यासाठी वापरली जायची, गाड्यांवर ती नंतर आली. हेडलाइटसाठी दीडशे ते दोनशे मायक्रॉन जाडी पुरते. खालून बघितलं तर सोलून टाकायचा कागद, मग अ‍ॅक्रिलिक गोंद, मग टीपीयू, मग वरचा कोट. वाळूचा कण आदळला की टीपीयू दबतं आणि धक्का पसरवतं, त्यामुळे हार्ड कोटपर्यंत तो पोचत नाही. वरच्या कोटवर धुण्याचे बारीक ओरखडे पडतात, ते उन्हानं किंवा गरम पाण्यानं भरून येतात. मात्र दगडानं फिल्म कापली गेली तर तो काप भरत नाही. मुठीएवढा दगड आला तर फिल्म हेडलाइट वाचवणार नाही. कोणी तसं सांगत असेल तर दुसरं दुकान बघा.

तुमच्या गाडीत खर्चाचं गणितही सोपं आहे. एलईडी हेडलाइट खराब झाला की सर्व्हिस सेंटर फक्त पुढचं प्लास्टिक बदलून देत नाही, अख्खी असेंब्ली बदलते, आणि तिची किंमत हजारांत नाही, दहा-दहा हजारांच्या पटीत असते. साध्या विमा पॉलिसीत काचेवर घसारा धरत नाहीत, पण प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के धरतात. म्हणजे झिरो डेप (घसारा न धरणारी पॉलिसी) नसेल तर निम्मा भार तुमच्यावर. हळूहळू पिवळं पडणं तर अपघातात मोडतच नाही, त्याचा दावा करता येत नाही. दोन्ही हेडलाइटच्या चांगल्या फिल्मचं काम काही हजारांत होतं. संपूर्ण गाडीच्या कामातून उरलेले तुकडे दुकानदाराकडे असतील तर आणखी स्वस्त पडेल. तुकडा वापरायला माझी काही हरकत नाही, फक्त तो धूळ न लागलेला, न दुमडलेला आणि त्याच कंपनीच्या वॉरंटीच्या रोलमधला हवा.

आता फिल्म निवडणं. बाजारात सर्वांत जास्त फसवणूक इथेच होते. पीपीएफ म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्या फिल्म टीपीयूच्या नसतात. पीव्हीसीमध्ये मऊ करणारी रसायनं मिसळून बनवलेली फिल्म ‘टीपीएच’ वगैरे नावानं अर्ध्या किमतीत मिळते. नवी असताना ती छान चमकते. एक-दोन उन्हाळ्यांत मऊ करणारं रसायन उडून जातं, फिल्म कडक होते, पिवळी पडते, कडा आकसतात, आणि काढायला जाल तेव्हा तुकड्या-तुकड्यांत निघते, गोंद मागे राहतो. हेडलाइट वाचवायला लावलेली फिल्मच हेडलाइट खराब करते.

ओळखायचं कसं? दुकानदाराकडून बोटभर तुकडा मागा. तो द्यायला तयार नसेल तर तेवढ्यावरच समजून घ्या. तुकडा ताणून सोडा: टीपीयू बऱ्यापैकी मूळ मापाला परत येतं, पीव्हीसी लांबलेलंच राहतं. वास घ्या: पीव्हीसीला नव्या रेक्झिनसारखा वास येतो. पक्की खात्री हवी असेल तर उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून तांब्याची तार पकडीत धरून लाल होईपर्यंत तापवा, तुकड्याला टेकवा आणि परत ज्वाळेत धरा. ज्वाळा स्वच्छ हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. शाळेच्या प्रयोगशाळेतली ही जुनी चाचणी आहे. धूर मात्र अजिबात घेऊ नका, आणि चाचणीसाठी नखाएवढा तुकडा पुरे.

टीपीयूतही दोन जाती आहेत आणि हा फरक या चाचण्यांत कळत नाही. अ‍ॅलिफॅटिक टीपीयू उन्हात टिकतं. अ‍ॅरोमॅटिक टीपीयू स्वस्त असतं, ताणल्यावर अगदी चांगल्या मालासारखंच वागतं आणि उन्हात पिवळं पडतं. दुकानदाराला ‘अ‍ॅलिफॅटिक आहे का’ असं सरळ विचारा आणि बिलावर ब्रँड, मॉडेल आणि रोलचा नंबर लिहून घ्या. वॉरंटी कार्डात ‘पिवळेपणा’ हा शब्द स्पष्ट असला पाहिजे. हाताशी वेळ असेल तर तुकडा घराच्या उन्हाच्या खिडकीला आतून नव्हे, बाहेरून चिकटवा (काच बरेच अतिनील किरण अडवते), अर्धा भाग अ‍ॅल्युमिनियम फॉइलनं झाका आणि उन्हाळाभर ठेवा. दोन भागांच्या रंगात फरक दिसला तर ती फिल्म नको.

जाडीच्या आकड्यांत अडकू नका. काही ठिकाणी सांगितलेल्या जाडीत सोलून टाकायचे कागदही मोजलेले असतात. शिवाय हेडलाइटची वळणं तीव्र असतात, तिथे फार जाड फिल्म नीट बसत नाही आणि कोपऱ्यात उचलते. गाडीच्या दारांसाठी मी जाड फिल्म निवडेन, हेडलाइटसाठी मधली.

चांगली फिल्म वाईट लावली तर पैसे वाया जातात, त्यामुळे काम चालू असताना तिथे थांबा. काय बघायचं ते सांगतो. हेडलाइट आधी शॅम्पूनं धुऊन, क्ले बारनं (चिकटलेला मळ ओढून काढणाऱ्या मऊ वडीनं) घासून, पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसला पाहिजे. बोट फिरवल्यावर खरखर लागता कामा नये. डांबराचे ठिपके काढायला थिनर किंवा पेट्रोल घेतलेलं दिसलं तर तिथेच थांबवा. पॉलिकार्बोनेटला ही द्रावणं चालत नाहीत, त्यांनी आतपर्यंत बारीक तडे जातात आणि ते तडे दुसऱ्या दिवशी दिसतात. अमोनियावाले काच पुसण्याचे स्प्रेसुद्धा नकोत.

फिल्म ओल्यावर बसवतात. पाण्यात बेबी शॅम्पूचे काही थेंब टाकलेलं द्रावण दोन्ही बाजूंनी भरपूर मारलं की फिल्म सरकवता येते. जिथे ती पकडायला हवी त्या कोपऱ्यात अल्कोहोल मिसळलेलं पाणी मारतात, शॅम्पू निघून जातो आणि गोंद धरतो. मग मधून कडेकडे स्क्विजीनं, म्हणजे रबरी पट्टीनं, पाणी बाहेर काढायचं. बंपरमधल्या तुमच्यासारख्या हेडलाइटला एक टोक खोलवर वळलेलं असतं, तिथे फिल्म ताणावी लागते. ताण सगळीकडे सारखा विभागला पाहिजे. एकाच कोपऱ्यात ओढलेली फिल्म तिथे पातळ होते, त्यावर ताणाच्या रेषा उमटतात आणि रात्री त्या रेषा प्रकाशात दिसतात. दाराच्या पॅनलवर अशी रेष कोणाच्या लक्षात येणार नाही, दिव्यासमोर ती लपत नाही.

हीट गन लागते, पण जपून. पॉलिकार्बोनेट सुमारे १४७ अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं आणि हीट गनच्या तोंडाशी हवा त्याच्या तिप्पट गरम असू शकते. फिल्मला फक्त हाताला चांगली गरम लागेल इतकीच ऊब पुरते. गन सतत हलती राहिली पाहिजे. एका जागी धरून ठेवणारा कारागीर मी हेडलाइटजवळ उभाही करणार नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं: हेडलाइटवर ब्लेड चालवू देऊ नका. कडा कापताना फिल्मखाली ब्लेडची रेघ उमटली की हार्ड कोट तिथे कायमचा कापला जातो. काही महिन्यांनी त्याच रेघेतून तो सुटायला लागतो आणि फिल्मच्या कडेला धुरकट किनार दिसते. तुमच्या मॉडेलचा आकार प्लॉटरवर (संगणकावर चालणाऱ्या कापायच्या मशीनवर) आधी कापून आणलेला असला तर उत्तम. नसेल तर दोऱ्याच्या टेपनं (फिल्मखाली चिकटवून तिच्यातला दोरा ओढला की फिल्म कापली जाते) कापतात, किंवा फिल्म बंपरच्या फटीत आत वळवून कापतात, जिथे ब्लेड हेडलाइटच्या दिसणाऱ्या भागाला लागत नाही. प्लॉटरच्या आकारात फिल्म कडेपासून एक-दोन मिलिमीटर आत थांबते. ते बरोबर आहे. अगदी कडेपर्यंत आणलेली फिल्म धुताना उचलते.

लावल्यावर पहिले काही दिवस फिल्म जरा दुधाळ दिसेल, पाण्याचे छोटे फुगे राहतील. पाणी फिल्ममधून हळूहळू उडून जातं, पावसाळ्यात आणि कोकणातल्या दमट हवेत जास्त दिवस लागतात. हवेचे फुगे आणि खाली अडकलेली धूळ मात्र आपोआप जात नाही, त्यामुळे गाडी ताब्यात घेतानाच टॉर्च तिरकी धरून बघा. आठवडाभर धुऊ नका. गाडी द्यायच्या आधी रात्री भिंतीसमोर पाच-सहा मीटरवर उभी करून लो बीमचा फोटो काढून ठेवा आणि काम झाल्यावर त्याच जागी परत काढा. उजेड-अंधाराची सीमारेषा आधीसारखीच धारदार हवी. ती पसरट झाली असेल तर फिल्म किंवा तिचं बसवणं यात दोष आहे. मॅट्रिक्स एलईडी (समोरच्या गाडीवरचा उजेड आपोआप कमी करणारे दिवे) असलेल्या महागड्या गाडीला मी ही तपासणी केल्याशिवाय पैसे देऊ नका असंच सांगतो.

तुमच्या मित्राच्या भीतीबद्दल. एलईडीची उष्णता मागच्या हीट सिंककडे (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाकडे) जाते, पुढचं पॉलिकार्बोनेट तुलनेनं थंड राहतं. कंपनीच्या ६०/५५ वॉटच्या हॅलोजन बल्बनंही चांगल्या टीपीयूला काही होत नाही. अडचण १००/९० वॉटच्या बल्बनं होते, जो अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात सर्रास मिळतो. तो आधी आतला रिफ्लेक्टर जाळतो, वायरिंग गरम करतो, आणि फिल्मच काय, हेडलाइटचं प्लास्टिकही वाकडं करतो. असा बल्ब असेल तर आधी तो काढा. खऱ्या काचेच्या फॉग लॅम्पवर मात्र मी फिल्म लावत नाही. ते छोटे, बंदिस्त आणि खूप तापणारे असतात, आणि बदलायलाही स्वस्त.

स्मोक फिल्मला मी ठाम नकार देतो. जेवढी काळपट, तेवढा उजेड कमी, आणि घाटात पाऊस-धुकं असताना तुम्हाला आहे तो सगळा उजेड हवा असतो. दिवसा दिसायला रुबाबदार वाटते हे खरं. पण समोरच्यालाही तुमची गाडी उशिरा दिसते. दिव्यांच्या मूळ रचनेत फेरफार केला म्हणून वाहतूक पोलीस थांबवतात ते वेगळंच.

आता वडिलांची गाडी. पिवळेपणा हार्ड कोटमध्ये आणि त्याखालच्या प्लास्टिकमध्ये आहे. त्यावर फिल्म लावली तर पिवळेपणा फिल्मखाली तसाच राहतो, आणि सुटायला आलेल्या कोटवर गोंद धरतही नाही. आधी तो खराब थर पूर्ण काढावा लागतो. वॉटर पेपर ओला करून ८०० किंवा १००० नंबरपासून सुरुवात, मग १५००, २०००, ३०००, प्रत्येक पायरीवर आधीच्या कागदाचे ओरखडे जाईपर्यंत, पाणी भरपूर. पाण्यात आधी पिवळसर मळी येते, ती पांढरी व्हायला लागली की खराब थर संपला. मग कंपाउंड आणि पॉलिश. आजूबाजूच्या पेंटला मास्किंग टेपचे दोन थर लावा, नाहीतर बॉनेटची कड घासली जाते. वर सांगितलेल्या एएएच्या चाचणीत नीट दुरुस्त केलेल्या हेडलाइटचा प्रकाश नव्याच्या साधारण ७० टक्क्यांपर्यंत परत आला होता. म्हणजे नवा होत नाही, पण रात्रीचा फरक वडिलांना पहिल्याच वळणावर कळेल.

मोबाइलवर फिरणारे उपाय करू नका. टूथपेस्ट हे सौम्य पॉलिश आहे, चमक येते आणि महिना-दोन महिन्यांत जाते. मच्छर पळवणारा स्प्रे तर घातक आहे: त्यातलं डीट प्लास्टिकचा वरचा थर विरघळवतं, म्हणून क्षणभर चकचकीत दिसतं, नंतर चिकट आणि तडकलेलं होतं.

घासून साफ केलेल्या पॉलिकार्बोनेटला आता कोणतंच संरक्षण उरलेलं नाही, हे विसरू नका. तसंच सोडलं तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत परत पिवळं होईल. त्यावर अतिनील-रोधक टू-के क्लिअर कोट (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक लेप) मारा, किंवा टीपीयू फिल्म लावा. जुन्या गाडीला मी क्लिअर कोट सुचवतो, स्वस्त पडतो आणि नीट मारला तर बरीच वर्षं जातो. वडील रोज हायवेवर असतील तर फिल्म. सिरॅमिक कोटिंगवर इथे भिस्त ठेवू नका. तो थर मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा असतो, धुणं सोपं होतं, पण खडीला तो अडवत नाही. हेडलाइटच्या आत पाणी साचत असेल तर यांतलं काहीच कामाचं नाही. पावसात आतून थोडी वाफ धरणं आणि दिवे लावल्यावर जाणं हे चालतं. थेंब वाहत असतील किंवा खाली डबकं होत असेल तर सील गेलंय, आधी ते दुरुस्त करा.

सगळ्यांनीच फिल्म लावावी असं मी म्हणत नाही. गाडी झाकलेल्या पार्किंगमध्ये राहते आणि शहरातच फिरते, तर हार्ड कोट एकटाच पुष्कळ वर्षं पुरतो. तुमची फेरी तशी नाही. आधीचे दोन-तीन टवके फिल्मखाली राहतील, गोंद त्यांत भरल्यामुळे कमी दिसतील, आणि त्यांतून पुढची झीज थांबेल. म्हणून लवकर लावा म्हणतोय.

पुढची निगा साधी आहे. किडे सुकू देऊ नका, ओलं फडकं पाच मिनिटं ठेवून पुसून घ्या. बोअरचं जड पाणी उन्हात फिल्मवर वाळलं की पांढरे डाग बसतात, त्यामुळे सावलीत धुऊन लगेच पुसा. वॉशिंग सेंटरवर प्रेशरची नळी फूटभर लांब आणि सरळ समोरून, कडेच्या फटीत तिरकी नाही. फिल्म पिवळी, खरबरीत किंवा कडेला काळी पडायला लागली की ‘अजून चालेल’ म्हणून ठेवू नका. वेळेवर काढली तर ती अख्खी निघते, जुनी झाली की गोंद घट्ट बसतो. काढताना कोमट करून, कोपऱ्यातून सुरू करून, फिल्म जवळजवळ पाठीवर दुमडून हळू ओढायची, झटका द्यायचा नाही. राहिलेला गोंद पॉलिकार्बोनेटला चालणाऱ्या रिमूव्हरनंच पुसायचा. तुमच्या गाडीचा हार्ड कोट मूळचा आहे, तो सहसा धरून राहील. वडिलांच्या गाडीवर क्लिअर कोट मारून वर फिल्म लावली असेल तर ती काढताना कोटही सोबत येऊ शकतो, म्हणून तिथे दोन्हीपैकी एकच निवडा.